दुसऱ्या नाकाची सही

९ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. ओरडलं की टाक्यांची आख्खी ओळ ताणली जाते. तीस वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून कान तू घालवलेस आणि शिक्षा माझ्या पोटाला. तेव्हा पत्रच बरं.

मला घरी येऊन तीन आठवडे झाले. तू खोदून खोदून विचारशील, म्हणून आधीच सगळं सांगून टाकते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माझ्या रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली गेलं. मी घाबरले, पण नर्स खूश. म्हणाली, "चांगली खूण आहे. उरलेलं यकृत कामाला लागलंय. नव्या पेशी बांधायच्या तर सामान लागणारच, ते रक्तातून ओढून घेतंय." कमी पडलं ते त्यांनी सलाईनमधून भरलं. मग रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरलं आणि पाय सुजले. आठवडाभर मी नवऱ्याच्या चपला घालून वॉर्डात फिरत होते. आता सूज गेली. वजन सहा किलोने कमी झालंय, ते परत आलं नाही तरी माझी तक्रार नाही.

राहिलंय ते एवढंच, की सकाळी अकराच्या सुमारास हात थरथरायला लागतात आणि घाम फुटतो. काही खाल्लं की पंधरा मिनिटांत माणसात येते. डॉक्टरांचं म्हणणं, साखर साठवायचं कोठार सध्या अर्ध्याहून लहान आहे, दोन जेवणांच्या मध्ये ते रिकामं होतं. ते वाढेपर्यंत दर दोन तासांनी खायचं. नवरा म्हणतो, तान्हं बाळ सांभाळल्यासारखं वाटतंय.

तू सही करायच्या आधी मला शपथ घातली होतीस. माझं काही कायमचं कमी होणार असेल तर तुला यकृत नको, आणि पुढे काही कमी झालंच तर मी ते लपवायचं नाही. तर हे बघ: अकरा वाजताची थरथर, सहा किलो, आणि थोडे केस गळतायत. यादी संपली.

मार्चमध्ये कामावर जाते. तू काय खातोस, किती खातोस, ते लिही.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

नाकाडे,

तुझी यादी वाचली. केसांचं वाईट वाटलं, सहा किलोंचं अजिबात नाही.

मी काय खातो विचारतेस? समोर येईल ते. स्टेरॉइडमुळे भूक अशी लागते की वहिनी जेवणाची भांडी झाकून त्यावर वजन ठेवते. चेहरा थाळीसारखा गोल झालाय. साखर वर गेली म्हणून इन्सुलिन सुरू केलंय. तुझी साखर खाली, माझी वर, दोघांना एकत्र केलं तर एक धडधाकट माणूस निघेल. थरथर मलाही आहे, पण माझी औषधाची. रंधा, पटाशी, करवत, कशालाही हात लावायचा नाही. भुशात बुरशी असते म्हणून वर्कशॉपच्या दारातसुद्धा उभं राहायचं नाही.

एक वर्गमित्र भेटायला आला होता. मास्क लावून लांब बसला आणि म्हणाला, "आता तरी सोडलीस ना?" आयुष्यात मी थेंब घेतलेला नाही. माझं शरीरच माझ्या यकृतावर उलटलं, हे कितीजणांना समजावत बसू? म्हटलं, "हो, सोडली." त्याला इतकं बरं वाटलं की विचारू नकोस.

आता खरी बातमी. मला वास यायला लागलेत. गेली दोन वर्षं तोंडात पत्रा धरल्यासारखी चव होती आणि नाक असून नसल्यासारखं. आता शेजाऱ्याने धुणं वाळत घातलं की साबण कुठला ते सांगतो. वहिनीच्या हातांना कांद्याचा वास, वर्तमानपत्राला शाईचा. माझा जुना एप्रन तिने धुवायला काढला होता. त्याला लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास होता, गरम सरसाचा, थोडा आंबूस. मी तो एप्रन तासभर मांडीवर घेऊन बसलो होतो. तुझं नाकच माझ्या पोटात शिवलंय का, असं डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. तू हसशील म्हणून लिहिलं.

दादा


१४ मार्च

दादा,

हसले.

कामावर रुजू झाले. तुला नेहमी वाटतं की आमच्या केंद्रात मी फुकटचं पाणी पिऊन पगार घेते, म्हणून एकदा नीट लिहिते. शुद्ध केलेलं पाणी शहरात सोडण्याआधी आम्ही ते हुंगतो आणि चाखतो. मशीनला क्लोरीन कळतं, मातकट वास मात्र माणसाच्या नाकाला मशीनच्या आधी कळतो. खोलीत अत्तर, साबण, डब्यातलं जेवण, काहीही न्यायचं नाही. रोज सकाळी पाच बाटल्या समोर येतात. चारांत साधं पाणी, एकीत थेंबभर वास मिसळलेला. ती एक ओळखली तरच त्या दिवशी टेबलावर बसता येतं. आणि प्रत्येक नमुन्यावर दोन माणसांच्या सह्या लागतात, एका नाकावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरी सही आजोबांची. ते कुणाचे आजोबा नाहीत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि स्वभाव खाष्ट, म्हणून आम्ही म्हणतो.

पहिल्याच दिवशी मी बरोबर बाटली उचलली. आजोबा म्हणाले, "पोट कापलं, नाक शाबूत आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे मोठं कौतुक.

अकरा वाजता सगळे माझ्याकडे बघतात आणि मी बाहेर जाऊन बिस्किटं खाते. थकवा आहे. परवा दूध गॅसवर ठेवून शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. शेजारीण दार बडवायला लागली तेव्हा कळलं, भांडं जळून कोळसा. नवरा म्हणाला, लक्ष कुठे होतं? मीही तेच म्हटलं.

तुला येणाऱ्या वासांबद्दल आणखी लिही. सरसाचं लिहिलंस तसं, सविस्तर.

धाकटी


२ एप्रिल

नाकाडे,

या पत्रासोबत एक बाटली पाठवतोय. घट्ट बंद करून, वर मेण लावून, आत पाणी. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं, फिल्टरमधून आलेलं.

झालंय असं की मला त्याला वास येतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा, आणि खाली काहीतरी गोडसर. वहिनीला येत नाही. ती म्हणते, नवीन नाक आलंय म्हणून मी घरभर कुत्र्यासारखा हुंगत फिरतो, काल उशीला वास येत होता, आज पाण्याला येतोय. तिचंही खरं आहे, उशीला मी उगाच नावं ठेवली होती.

डॉक्टरांनी रोज अडीच लिटर प्यायला सांगितलंय, तेही तीन महिने उकळून. ते तीन महिने आता संपत आले. फिल्टर चांगला असेल तर पुरे, असं ते म्हणाले. वहिनी दिवसाला दोन मोठी पातेली उकळते, गाळते, गार करते. तिचे हात बघवत नाहीत. म्हणून ठरवलंय, तू हुंगून ठीक म्हणालीस तर उकळणं बंद. घरात नाकाचा माणूस असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारू?

वासांचं: काल पहिल्यांदा गच्चीवर गेलो. उन्हात तापलेल्या सिमेंटवर कुणीतरी पाणी मारलं होतं. तुला हा वास माहीत आहे, मी काय सांगणार.

दादा


११ एप्रिल

दादा,

तीन महिन्यांचं स्कॅन झालं. यकृत पूर्वीच्या पंच्याऐंशी टक्के भरलंय. आकार मात्र वेगळाच आहे, कापलेला भाग परत उगवला नाही, उरलेलंच फुगून मोठं झालंय. मध्यंतरी त्यात थोडी चरबी दिसत होती. वाढताना ते अंगातली चरबी इंधन म्हणून आत ओढून घेतं, असं डॉक्टर म्हणाले. आता तीही उतरतेय. रक्तात झिंक कमी आहे, गोळ्या दिल्यात. अकराची थरथर आता बाराला येते.

बाटली मिळाली. पाणी स्वच्छ आहे. काही दोष नाही. इतक्या दिवसांनी वास यायला लागले की काही दिवस ते जास्तच जाणवतात, वहिनीचं म्हणणं बरोबर आहे. तिला जरा आराम दे.

धाकटी


१७ एप्रिल

नाकाडे,

उकळणं बंद केलं. वहिनीने मोठं पातेलं माळ्यावर टाकलं आणि मला म्हणाली, "बघ, तिचं तरी ऐकलंस." तिच्या तोंडावर मोठा विजय होता. अडीच लिटर नळाचं, फिल्टरचं, रोज.

यावेळी एवढंच. हात फार थरथरतोय.

दादा


३० एप्रिल

दादा,

काल दुपारी वहिनीला फोन केला तेव्हा फक्त एवढंच सांगितलं, की नळाचं पाणी ताबडतोब बंद करा, आधीसारखं उकळा, टाकी उघडून बघा. ती का विचारत होती. मी उत्तर न देता फोन ठेवला. उत्तर इथे लिहिते.

मला वास येत नाही. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हापासून. आधी वाटलं भुलीचं असेल, मग वाटलं औषधांचं, मग अशक्तपणाचं. डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. झिंक कमी झाल्याने होतं म्हणतात, वजन उतरल्याने होतं म्हणतात, परत येईल म्हणतात. कधी ते म्हणत नाहीत. मी तुला पाठवलेली पहिली यादी अपुरी होती. दूध जळलं तेव्हा माझं लक्ष तिथेच होतं, मी भांड्यापासून सहा पावलांवर होते.

सकाळच्या पाच बाटल्यांचं असं आहे. त्या भरणारी मुलगी वास मिसळल्यावर त्या बाटलीचा गळा फडक्याने पुसते, हाताला लागू नये म्हणून. बाकीच्या चारांच्या गळ्याशी पाण्याचं कडं असतं, त्या एकीच्या नसतं. हे मला बरीच वर्षं माहीत होतं, पण उपयोग कधी केला नव्हता. मार्चपासून रोज केला. मग टेबलावर आजोबा लिहीत तेच मी लिहीत होते. त्यांच्या भुवया आधी हलतात.

तुझी बाटली मात्र मी एकटीनेच उघडली. केंद्रात नोंदवली असती तर आजोबांनी हुंगली असती, जंतूंसाठी तपासायलाही गेली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला काय आलं? म्हणून नोंदवली नाही. जेवणाच्या सुट्टीत खिडकीत उभी राहून हुंगली, काही आलं नाही. चाखली, काही आलं नाही. काही आलं नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असं मी तुला लिहिलं. मला तेव्हा कशातच काही येत नव्हतं हे माहीत असताना लिहिलं.

उरलेलं पाणी नमुन्यांच्या फ्रिजमध्ये मागे राहिलं होतं. काल आजोबांना ते सापडलं, वर चिठ्ठी नाही. त्यांनी झाकण काढलं आणि लगेच मान मागे घेतली. म्हणाले, "हे कुठलं डबकं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मग साहेबांना. आज मी टेबलावर नाही.

तुला त्रास होत नसेल तर एका ओळीत कळव.

धाकटी


९ मे

तीस तारखेचं तुझं पत्र मी उघडलं आणि वाचलं. त्याला दिलेलं नाही.

तुझा फोन आला त्याच्या आदल्या दिवसापासून त्याला जुलाब होत होते. आम्ही समजलो खाण्यातलं काही असेल. त्याच संध्याकाळी ताप चढला. एक तारखेला दवाखान्यात नेलं. शरीराने यकृत नाकारू नये म्हणून जे औषध देतात, त्याचं रक्तातलं प्रमाण जुलाबांमुळे भलतंच वाढलं आणि मूत्रपिंडावर ताण आला. ते कमी करावं तर शरीर तुझ्या यकृतावर उलटेल, कमी न करावं तर संसर्ग आवरत नाही. दोन दिवस डॉक्टर आमच्याशी जपून बोलत होते. यकृताचे आकडे वर गेले होते. कालपासून खाली यायला लागलेत.

टाकी उघडली. झाकण सरकलेलं होतं. आत कबूतर पडलं होतं, बऱ्याच दिवसांपूर्वीचं. फिल्टरवर बुळबुळीत थर. दुखणं पाण्यामुळेच आलं का, हे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. मला सांगायची गरज नाही.

तू त्याला अर्धं यकृत दिलंस हे मी विसरलेले नाही, आणि पंधरा दिवस मी स्वतःच्या हाताने त्याला ते पाणी भरून दिलं, हेही मी विसरणार नाही. पातेलं माळ्यावर मी टाकलं. तुझ्यावर रागावते तेव्हा हेही आठवतं, म्हणून धड रागावताही येत नाही.

तो घरी आला की पत्र त्याला देईन. तोवर काही पाठवू नकोस.

वहिनी


६ जून

नाकाडे,

हे नाव यापुढे लिहावं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. दुसरं सुचलं नाही.

मी घरी आहे. आकडे जवळजवळ पूर्वीसारखे झालेत. वजन सात किलो गेलं, तुझ्या पुढे गेलो. वहिनीने काल तुझं पत्र दिलं. देताना म्हणाली, "आधी जेव." जेवल्यावर दिलं.

मी रागावलोय. तू म्हणशील, साहजिक आहे. पण कशाचा राग, ते नीट लिहितो. पाण्याला वास येत होता. रोज येत होता. पेला तोंडाशी नेला की मला त्या बंद कपाटाचा वास यायचा, आणि खाली ते गोडसर. नाक मुरडून, श्वास रोखून मी अडीच लिटर संपवायचो. तू ठीक म्हटलं होतंस ना. स्वतःच्या नाकापेक्षा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. फिल्टरने मला फसवलं असतं तर चाललं असतं.

आणि तिकडे मी तुला एप्रनचं लिहीत होतो, सिमेंटचं लिहीत होतो. तू मागत होतीस आणि मी पाठवत होतो. आता ती पत्रं आठवली की लाज वाटते, आणि तू ती लाज मला दिलीस याचाही राग येतो.

वहिनीने पातेलं माळ्यावरून काढलंय.

एकच विचारायचंय. मला खूश करणारं उत्तर नको, खरं हवं. वास जाणार आहे हे आधी माहीत असतं, तुझं काम जाणार आहे हे माहीत असतं, तर मला यकृत दिलं असतंस का? 'नाही' म्हणालीस तरी मी समजून घेईन. उत्तर मिळालं नाही तर मात्र समजून घेता येणार नाही.

दादा


२८ जून

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी 'अर्थात दिलं असतं' असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. टपालात टाकायला निघाले आणि दारातून परत आले. ते वाक्य मी विचार न करता लिहिलं होतं. 'पाणी स्वच्छ आहे' लिहिलं होतं तसंच. म्हणून इतके दिवस लागले.

आधी बाकीचं. आता मी नोंदणीच्या खोलीत बसते. नमुन्यांना क्रमांक देते, टेबलाकडे पाठवते. आजोबा रोज येताना माझ्या टेबलाशी थांबतात, पेन्सिल उचलून परत ठेवतात आणि जातात. साहेबांनी पाच बाटल्यांची पद्धत बदलली, आता पाचही पुसतात. माझ्या सह्या असलेला प्रत्येक दिवस त्यांनी तपासला. आजोबांची सही सगळीकडे होती, म्हणून शहराला काही झालं नाही. ते तपासून होईपर्यंत मी रोज धास्तीत होते, कुठून कुणी आजारी पडल्याचं कळतंय का.

परवा सहा महिन्यांची तपासणी झाली. यकृत जवळजवळ पूर्ण भरलं. साखर ठीक, अल्ब्युमिन ठीक, झिंक ठीक, वजन परत. अकराची थरथर गेली. डॉक्टर म्हणाले, "तुमचं सगळं परत आलं." मी म्हटलं, नाक सोडून. ते म्हणाले, वाट बघा.

मी वहिनीला फोन केला होता. तिने उचलला. मग तिने तुझे त्या दिवसाचे आकडे सांगितले, मी लिहून घेतले आणि तिने फोन ठेवला. आता दर रविवारी तेवढंच होतं.

आता तुझं उत्तर. पाण्याची खोली हे माझं बावीस वर्षांचं काम आहे. सकाळी त्या खोलीत शिरताना मी इतरांपेक्षा काहीतरी जास्त आहे, असं वाटायचं. ते गेल्यावर मला तुझा राग आला, दादा. खूप आला. सरसाचं पत्र वाचलं तेव्हा ते फाडावंसं वाटलं. आणि तरी पुढचं मागवलं, कारण तुझ्या पत्रात जे येत होतं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं. तू काही चूक केली नव्हतीस. तरी राग आला, आणि तो लपवायलासुद्धा मी 'हसले' असं लिहिलं.

वीस दिवस मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. नाक गेलेली मी आणि ऑपरेशनआधी तपासण्यांना जाताना बसमध्ये खिडकीशी बसलेला तो पिवळा पडलेला तू, दोघांना समोरासमोर ठेवून विचारला. उत्तर दर वेळी एकच आलं. त्याच्यासोबत राग प्रत्येक वेळी आला, पण उत्तर बदललं नाही.

दिलं असतं. तुला सांगितलं मात्र नसतं. सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस, आणि मग आज हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं?

धाकटी